सर्वांत खालच्या मजल्यावरचा रोबो

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी माझ्या थोरल्या दिरांचा चेहरा पाहिला नव्हता.

मी पुण्याहून कोबेला फिजिक्समध्ये डॉक्टरेट करायला आले, प्रयोगशाळेतल्याच एका जपानी मुलाशी लग्न केलं आणि पुढे नोकऱ्यांमुळे आम्ही दोघं तोक्योच्या बाजूला, इचिकावाला राहायला गेलो. सासर कोबेलाच राहिलं. डोंगराच्या उतारावर, खाली बंदर दिसतं अशा एका अरुंद गल्लीत दुमजली घर होतं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. नवीन वर्षाला आणि ऑगस्टमध्ये आम्ही तिथे जायचो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एका खोलीचं दार कायम बंद असायचं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, कधी खोकल्याचा.

"मोठा घरूनच काम करतो," सासूबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. मी तेच पुण्याला आईला फोनवर सांगितलं आणि आईने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. परतीच्या गाडीत मी नवऱ्याला विचारलं, "काम कसलं करतात ते?"

"कसलंच नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बाकीचं मला सासूबाईंकडूनच हळूहळू कळलं. त्या स्वयंपाकघरात सोयाबीनच्या शेंगा निवडायला बसल्या की बोलायच्या, एरवी नाही. मोठा मुलगा अभ्यासात हुशार होता. कॉलेज संपवून चांगल्या कंपनीत लागला. वर्ष पुरं व्हायच्या आत एका सकाळी बूट घालून दारात बसला, तो तासभर तसाच बसून राहिला, आणि मग बूट काढून वर गेला. तिथे काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आईवडिलांनीही फार विचारलं नाही. काही महिने विश्रांती घेईल, मग दुसरीकडे लागेल, असं वाटलं होतं.

"मग भूकंप झाला," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे खालच्या शाळेच्या व्यायामशाळेत राहायला गेलो. तिथे तो रोज पाणी आणायचा. आमचंच नाही, शेजारच्या म्हाताऱ्यांचंसुद्धा. रांगेत उभा राहायचा, लोकांशी बोलायचा. एका आजींना तर पाठीवर घेऊन संडासाला न्यायचा. मला वाटलं, सुटलो. ते दिवस चांगले होते." त्या थांबल्या. भूकंपाच्या दिवसांना चांगले म्हटलं हे त्यांनाच खटकलं असावं. "नंतर पालिकेच्या माणसांनी घर तपासलं, राहायला हरकत नाही म्हणाले. आम्ही परत आलो. तो जिना चढून वर गेला."

त्याला आता तिसेक वर्षं झाली होती.

गेल्या पावसाळ्याआधी सासूबाई जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन हॉस्पिटलमधून आला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, ऑपरेशनची परवानगी दिली, कागद कुठे पाठवायचे ते विचारलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "हॉस्पिटलचं मी इथून बघतो. त्या घरात मी राहणार नाही. तुला जमत असेल तर तू जा."

"आणि तुझा भाऊ? जेवणाखाण्याचं काय त्यांच्या?"

"पन्नाशी उलटलेला माणूस आहे तो."

माझं काम मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत होतं आणि आठवड्यातला बराचसा भाग घरून करता यायचा. कॉलेजला जाणारी मुलगी बापाबरोबर राहणार होती. मी लॅपटॉप उचलला आणि शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोबे गाठलं.

आधी हॉस्पिटलमध्ये गेले. सासूबाई औषधांच्या गुंगीत होत्या, पण मला ओळखलं. "त्यानेच रुग्णवाहिका बोलावली," त्या म्हणाल्या. "खाली आला. माझ्या डोक्याखाली उशी ठेवली. बाहेरचं दार उघडून ठेवलं. ती माणसं आली तेव्हा मात्र वर गेला होता." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उशीचं त्यांनी मला परत एकदा सांगितलं.

घरी स्वयंपाकघर स्वच्छ होतं. कपनूडल्सचे रिकामे डबे धुऊन, कागदाचं झाकण वेगळं आणि प्लॅस्टिक वेगळं करून, त्या त्या दिवसाच्या पिशव्यांत भरून ठेवले होते. मी वर जाऊन दाराबाहेरून बोलले. "ओनीसान, मी आले आहे. ओकासानचं ऑपरेशन नीट झालं. जेवण इथे बाहेर ठेवत जाईन." जपानी घरात दिरांना ओनीसान आणि सासूबाईंना ओकासान म्हणायची पद्धत, मराठीत मी त्यांना काय हाक मारली असती कोण जाणे.

ताट रिकामं होऊन परत येत राहिलं. मी भात, मिसोचं सूप, मासा असं सासूबाईंसारखं करायचा प्रयत्न करत होते. एकदा कंटाळून साधं वरण आणि बटाट्याची भाजी ठेवली. तेही संपलं.

आठवड्याभराने मी जिन्यावरून खाली जात असताना दाराआडून आवाज आला. "तुम्हाला सोल्डरिंग येतं, असं आई म्हणाली होती."

बरीच वर्षं कमी वापरलेल्या माणसाचा तो आवाज होता, पण शब्द अतिशय सभ्य होते. मी जागच्या जागी उभी राहिले. "येतं," मी म्हटलं. "प्रयोगशाळेत आम्ही सर्किटं स्वतःच बनवायचो."

"एक जुना कॉम्प्युटर चालू होत नाहीये. तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू दे."

"त्रास नाही. पण बघायला लागेल."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. माझ्या नवऱ्यापेक्षा उंच, किंचित वाकलेले, केस स्वतःच कापलेले, पांढऱ्या शर्टाची सगळी बटणं लावलेले असे ते गृहस्थ होते. मी त्यांचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, तरी चेहरा ओळखीचा वाटला, कारण हनुवटी सासूबाईंची होती. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मीही केला.

स्वतःला कोंडून घेणाऱ्या माणसांच्या खोल्यांबद्दल ऐकून माझ्या मनात जे चित्र होतं त्यातलं काही तिथे नव्हतं. कचरा नव्हता, वास नव्हता. ताटामीच्या गवती चटयांवर एक बैठं टेबल, पुस्तकं, गुंडाळलेली गादी. कोपऱ्यात खुर्चीसमोरच्या मेजावर जुन्या पद्धतीचा, मागे फुगलेला मॉनिटर आणि त्याच्याखाली पिवळट पडलेला कॉम्प्युटर होता. शाळेची प्रवेशपरीक्षा पास झाल्याबद्दल वडिलांनी घेऊन दिला होता, असं त्यांनी सांगितलं. वडील जहाजं बांधायच्या कारखान्यात होते आणि पुढे सगळं जग कॉम्प्युटरवर चालणार असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी झाकण उघडलं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगून गळले होते, आतल्या बोर्डावर हिरवट चिकटा पसरला होता. मी ते दाखवलं तर ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डॉक्टरांसमोर बसल्यासारखे ऐकत होते. ओसाकाला जाऊन मी सुटे भाग आणले. हार्डवेअरच्या दुकानातून सोल्डरिंग आयर्न घेतलं. दोन दुपारी मी त्यांच्या खोलीत बसून एकेक कपॅसिटर बदलला, बोर्ड स्पिरिटने पुसला. ते पंखा धरून धूर खिडकीकडे ढकलत होते. फार बोललो नाही. मला मात्र बरं वाटत होतं, हे खरं. अनेक वर्षांत मी हाताने काही दुरुस्त केलं नव्हतं.

मशीन चालू झालं. त्यांनी कपाटातून पुस्तकाएवढा एक खोका काढला. झाकणावर भलामोठा रोबो होता, लाल-पांढरा, समुद्रातून वर येणारा, खांद्यांवरून पाणी ओघळत असलेला. त्यांच्या लहानपणी दर आठवड्याला टीव्हीवर त्याची मालिका लागायची. शाळकरी मुलगा त्या रोबोच्या छातीत बसून तो चालवतो, अशी. त्या मालिकेवरून काढलेला हा गेम होता. आत दोन मोठ्या फ्लॉपी होत्या, पातळ, हलवल्या तर लवणाऱ्या.

"दोघांनी मिळून घेतला होता," ते म्हणाले. "मी आणि धाकट्याने. नवीन वर्षाला नातेवाइकांनी दिलेले पैसे साठवून."

माझ्या नवऱ्याने मला याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

गेम सुरू झाला आणि मी वाट बघत होते की आता रोबो येईल. तो आला नाही. पडद्यावर रेघारेघांनी हळूहळू एक चित्र काढलं गेलं, मग त्यात रंग भरले गेले: एक अंधारा बोळ, शेवटी दार. खाली एक ओळ उमटली. काय करणार? त्या ओळीपुढे आपण जपानी शब्द टाइप करायचा. "मिरु" म्हणजे बघ, "इकु" म्हणजे जा, "किकु" म्हणजे विचार. शब्द मशीनला माहीत नसेल तर ते म्हणायचं, कळलं नाही.

"रोबो कुठे आहे?" मी विचारलं.

"सर्वांत खालच्या मजल्यावर," ते म्हणाले. "समुद्राखाली तळ आहे. शत्रू आत शिरलाय, वीज गेलीय. आपण त्याच्यापर्यंत चालत जायचं."

"म्हणजे सगळा गेम चालण्यातच?"

"हो. सगळ्या मुलांची निराशा झाली होती." ते हसले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही हसताना पाहिलं नाही.

मग रोज दुपारी, माझं ऑफिसचं काम संपलं आणि हॉस्पिटलच्या भेटीची वेळ व्हायची असली की मधला थोडा वेळ आम्ही तो गेम खेळायचो. ते टाइप करायचे, मी शेजारी बसून चहा प्यायचे. मला वाटलं होतं ते अडकले असतील, मी मदत करीन. पण त्यांना सगळं पाठ होतं. कुठल्या कपाटात चावी, कुठल्या मृत सैनिकाच्या खिशात कार्ड, कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. ते थेट एका ठिकाणी जाऊन पोचायचे आणि तिथे थांबायचे.

ती जागा अशी होती. रोबोच्या अगदी अलीकडच्या दालनात रोबोचा म्हातारा मेकॅनिक पडलेला असतो. पायांवर लोखंडी तुळई कोसळलीय. भिंत फुटून समुद्राचं पाणी आत येतंय. त्याला सोडवायला कुठलाही शब्द चालत नाही. उचल म्हटलं, ढकल म्हटलं, काप म्हटलं, तर उत्तर येतं: हलत नाही. मेकॅनिक स्वतःच सांगतो की मधलं जाड दार लाव, नाहीतर पाणी रोबोपर्यंत जाईल. "शिमेरु", म्हणजे बंद कर, असं लिहिलं की दार लागतं, तो पलीकडे राहतो आणि आपण पुढे जातो. नाही लिहिलं तर थोड्या वेळाने पाणी चढतं आणि गेम संपतो.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही. मी कधी गेलो नाही."

"कधीच?"

"पाणी चढेपर्यंत त्याला प्रश्न विचारता येतात," ते म्हणाले. "हे बहुतेकांना माहीत नसेल." त्यांनी "आईबद्दल विचार" असं लिहिलं. मेकॅनिकने उत्तर दिलं: माझी आई बंदरावर मासे निवडायची, तिच्या हातांना कायम मिठाचा वास यायचा. त्यांनी समुद्राबद्दल विचारलं. बर्फाबद्दल विचारलं. प्रत्येकाचं वेगळं, एका ओळीचं उत्तर होतं. हा गेम बनवणाऱ्या कुणीतरी ती उत्तरं लिहून ठेवली होती आणि कुणी ती विचारेल याची काही खात्री नव्हती. "मी अजून नवीन शब्द शोधतो," ते म्हणाले. "मधून मधून एखादा सापडतो."

मी म्हटलं, "भारताबद्दल विचारून बघा."

त्यांनी विचारलं. मशीन म्हणालं, कळलं नाही. त्यांनी माझी माफी मागितली.

त्या दुपारांमुळे मला आशा वाटायला लागली होती, हे लिहायला हवं. ते खाली येऊन जेवायला लागले होते, टेबलापाशी बसून. एकदा भांडी घासली. पालिकेच्या मदत केंद्रातून एक बाई भेटायला आल्या तेव्हा ते त्यांच्याशी दारातून का होईना, बोलले. मी सासूबाईंना जाऊन सांगितलं. त्या रडल्या नाहीत, फक्त डोळे मिटून पडून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "व्यायामशाळेतल्यासारखं." मी त्यांच्या म्हणण्याचा चांगला अर्थ लावला. ते दिवसही संपले होते, हेच त्यांना म्हणायचं असावं.

तोवर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्या परत जिने चढणार नाहीत आणि एकट्याने राहू शकणार नाहीत. उतारावरच्या त्या घराला रस्त्यापासूनच पायऱ्या होत्या. पुढे काय करायचं ते ठरवायला नवरा एका शनिवारी कोबेला आला.

हॉस्पिटलमधून आम्ही दोघं घरी आलो. दीर खाली, जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. त्यांनी शर्टाला इस्त्री केली होती. भाऊ एकमेकांना वाकून नमस्कार करतात असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"दमला असशील," दीर म्हणाले.

"ठीक आहे," नवरा म्हणाला.

मग मीच म्हणाले, "तो जुना कॉम्प्युटर चालू झालाय. बघतोस का?" मला खरंच वाटलं होतं की दोघं शेजारी बसतील आणि काहीतरी सुटेल. आम्ही वर गेलो. दिरांनी गेम लावला, ठरलेल्या वाटेने भरभर खाली नेला. नवरा त्यांच्या मागे उभा होता. मधेच एका बोळात तो म्हणाला, "डावीकडे कार्ड आहे," आणि दीर म्हणाले, "हो, घेतलं." एवढ्यानेच माझा जीव सुपाएवढा झाला.

मेकॅनिकचं चित्र आलं. दीर खुर्चीवरून उठले. "तू बस," ते भावाला म्हणाले. "एक नवीन शब्द सापडलाय मला. सांगतो, तू विचार."

नवरा बसला. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग काही न विचारता, न थांबता, रोज ऑफिसात टाइप करणाऱ्या माणसाच्या वेगाने त्याने शब्द लिहिला. शिमेरु.

फ्लॉपी बराच वेळ घरघरली. दार लागलं. एक ओळ आली की पलीकडून आता काही ऐकू येत नाही. मग मशीनने दुसरी फ्लॉपी मागितली. दिरांनी ती खोक्यातून काढून दिली. नवीन चित्र रेघारेघांनी उमटायला लागलं. पाय, गुडघे, छाती. रोबो होता. पूर्ण रंग भरून झाल्यावर तो काही हलला नाही. खाली लिहून आलं: तू रोबोत बसलास, लढाई आता सुरू होईल. मग आभार. मग पडदा काळा.

"एवढंच?" दीर म्हणाले.

"एवढंच," नवरा म्हणाला. "तेव्हाही मी सांगत होतो, कंटाळवाणा गेम आहे."

दिरांनी वाकून मशीन बंद केलं. फ्लॉप्या कागदी पाकिटांत घातल्या. मला म्हणाले, "दुरुस्त करायला तुम्ही फार कष्ट घेतलेत. आभारी आहे." मग आम्ही बाहेर जायची वाट बघत उभे राहिले.

स्टेशनपर्यंत उतारावरून चालताना मी नवऱ्याला म्हटलं, "तू त्यांना निदान तो शब्द तरी सांगू द्यायचा होतास."

"मी दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "मला रोबो बघायचा होता. रोज म्हणायचो, बंद कर, पुढे जाऊ. तो रडायचा. बाबा मलाच ओरडायचे, मोठ्याला त्रास देऊ नकोस. पुढेही तेच. त्याचं दार वाजवू नकोस, त्याच्यासमोर नोकरीचं बोलू नकोस, मित्रांना घरी आणू नकोस. त्या घरात सगळे त्याच्यासाठी थांबून राहिले. बाबा थांबून मेले. आई थांबून जिन्यावरून पडली." त्याने सिग्नलचं बटण दाबलं. "मला आता राग नाही येत. फक्त तिथे बसवत नाही."

मला दोघांचंही पटत होतं आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

त्या दिवसानंतर दीर खाली आले नाहीत. भांडणतंटा काही नव्हता. मी ताट ठेवत होते, ते रिकामं येत होतं. मी दाराबाहेरून म्हटलं, "गेम परत पहिल्यापासून सुरू करता येईल. तो मेकॅनिक तिथेच असेल."

"हो," आतून उत्तर आलं. "पण आता मला पुढचं माहीत आहे."

सासूबाईंना एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. नीट, स्वच्छ, समुद्रापासून लांब. घराखालची जमीन भाड्याची होती, ती मालकाला परत द्यायची ठरली. मदत केंद्राच्या बाईंनी धावपळ करून दिरांसाठी पालिकेच्या इमारतीत एक खोली शोधली. त्यांनी सगळीकडे सह्या केल्या, कशालाच नाही म्हटलं नाही. त्यांनी ओरडावं, भिंतीवर काहीतरी फेकावं, असं मला फार वाटत होतं.

घर रिकामं करायला एका कंपनीची माणसं आली. ती फार अदबीने काम करत होती, प्रत्येक खोलीत शिरताना माफी मागत होती. मी दिरांना विचारलं, "कॉम्प्युटर टॅक्सीतून नेऊ या ना?"

"नको."

"निदान खोका? फ्लॉपी?"

"आत काही राहिलं नाही," ते म्हणाले.

मी खोका माझ्या बॅगेत टाकू शकले असते. टाकला नाही, कारण तो माझा नव्हता. माणसांनी मॉनिटर चादरीत गुंडाळून नेला, मागोमाग बाकीचं.

दीर वडिलांचा जुना ओव्हरकोट घालून दाराबाहेर आले. सप्टेंबर होता, कोटाची अजिबात गरज नव्हती, पण बाहेर जायचे त्यांच्याकडे दुसरे कपडे नव्हते आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. गल्लीच्या वळणावर, जिथून बंदर दिसतं, तिथे थांबले.

"तिथे क्रेन होत्या," ते म्हणाले. "बाबांच्या कारखान्याच्या."

"आता मॉल झालाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि टॅक्सीत बसले.

नव्या खोलीत मी त्यांना भात लावायचं मशीन कसं चालवायचं, कुठल्या दिवशी कुठला कचरा, ते दाखवलं. कचऱ्याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. निघताना ते दारापर्यंत आले, कमरेत वाकले, आणि मी लिफ्टपाशी पोचेपर्यंत तसेच वाकलेले राहिले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मी दर दोन-तीन महिन्यांनी कोबेला जाते. आधी सासूबाईंकडे. त्यांना हल्ली मधलं सगळं आठवत नाही, पण मोठा मुलगा वर आहे एवढं आठवतं. मागच्या खेपेला त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "त्याच्या खोलीवर पाऊल वाजवू नकोस हं, झोपलाय." मी हो म्हटलं आणि खरंच पाऊल न वाजवता बाहेर आले.

मदत केंद्राच्या बाईंचा एकदा फोन आला होता. त्या चांगल्या आहेत, मनापासून काम करतात. त्या म्हणाल्या, "त्यांनी आमच्या भेटींना नकार दिलाय. तब्येत बरी आहे, खरेदी करतात, कचरा वेळेवर असतो. त्यामुळे आम्हाला जबरदस्ती करता येत नाही."

"पुन्हा विचाराल का?" मी म्हटलं.

"विचारू. पण त्यांनी अगदी सभ्यपणे सांगितलंय. नातेवाइकांनीही येऊ नये, असं म्हणाले. कुणाला त्रास द्यायची इच्छा नाही म्हणाले."

तरीही मी गेले. मार्चमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी. इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये सगळी दारं एकसारखी राखाडी आहेत. मी बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं. बेल वाजल्यावर आवाज एकदम बारीक झाला. म्हणजे ते आत होते, आणि दारापासून फार लांबही नव्हते.

"ओनीसान, मी आहे," मी म्हटलं. "सहज आले होते. ओकासान ठीक आहेत."

मी थांबले. शेजारच्या दारातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, माझ्याकडे बघून मान लववली आणि लिफ्टकडे गेले. मी आणखी काय बोलावं याचा विचार करत होते. इचिकावाला बर्फ पडलं होतं, ते सांगितलं. मुलीला नोकरी लागल्याचं सांगितलं. तिला काका आहेत हे तिला माहीत आहे, तेही सांगितलं, आणि सांगितल्यावर वाटलं की हे बोलायला नको होतं.

बऱ्याच वेळाने टीव्हीचा आवाज हळूहळू, एकेक बटण दाबत, पुन्हा पूर्वीइतका झाला.

मी खाली आले आणि कोबेच्या मोठ्या स्टेशनला, सान्नोमियाला जाणारी गाडी पकडली. दुपारची वेळ होती, बसायला जागा मिळाली.